दहा डीजे, दुप्पट आवाज

एका डीजेच्या जागी दहा डीजे आणले, अगदी तसेच, तेवढ्याच ताकदीचे, एकाला एक लावून उभे केले, तर आवाज किती वाढतो? आमच्या कोकणातल्या सावर्ड्याच्या बाजारपेठेत हा प्रश्न टाकलात तर बहुतेक जण "दहापट" म्हणतील आणि उरलेले "लग्न कोणाचं?" म्हणून विचारतील. कानाचं उत्तर वेगळं आहे. कान म्हणतो, दुप्पट. बिल दहापट, डिझेल दहापट, जनरेटर वाहणारे टेम्पो दहापट, महामार्गावर खोळंबलेल्या रांगेचं तर विचारूच नका, आणि एवढं करून वरातीतल्या माणसाच्या कानात पडतो तो आधीच्या जेमतेम दुप्पट आवाज. मानपानाच्या साड्यांवरून बैठकीमागून बैठका घासाघीस करणाऱ्या मंडळींना हा हिशोब आजवर कोणी सांगितला कसा नाही?

आणि दोनच डीजे लावले तर? तर जवळजवळ काही नाही. ताकद दुप्पट झाली की डेसिबलचा आकडा तीनाने चढतो. तीन डेसिबलचा फरक कान देऊन बसलेल्याला कळेल. घामाघूम होऊन नाचणाऱ्याला नाही. शेजारच्या वाडीने एक आणला म्हणून आपण दोन आणायचे, ही चढाओढ डोळ्यांसाठी असते, कानांचा तिच्याशी संबंध नाही.

हा सगळा घोळ डेसिबल या मापाचा. हे माप काढलं टेलिफोनवाल्यांनी, १९२० च्या दशकात. मैलोगणती तारांतून बोलणं जाताना त्यातला जोर किती गळतो ते त्यांना मोजायचं होतं. ग्रॅहम बेलच्या नावावरून बेल, आणि त्याचा दहावा भाग तो डेसिबल. ताकद दहापट झाली की आकडा दहाने चढतो, शंभरपट झाली की विसाने, हजारपट झाली की तिसाने. आकड्याचा हा सोज्वळपणा फार घातकी आहे. ५५ वरून ८५ वर गेलं म्हणजे कोणालाही वाटेल, दीडपट झालं. दीडपट तर कांदासुद्धा होतो. प्रत्यक्षात आवाजाची ताकद हजारपट झालेली असते आणि कानाला तो आठपट वाटत असतो. म्हणून डीजेवाला हात जोडून "साहेब, दहाच डेसिबल जास्त आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. लॉगरिदममध्ये बोलतो, इतकंच.

कायदाही याच भाषेत बोलतो. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम १४ फेब्रुवारी २००० चे, म्हणजे प्रेमदिनाच्या मुहूर्तावर निघालेले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५, बाजारपेठेत ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. या नियमांपुरता दिवस सकाळी सहाला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. शांतता क्षेत्र म्हणजे शाळा, कॉलेज, इस्पितळ, कोर्ट यांच्याभोवती सरकारने जाहीर केलेलं, निदान शंभर मीटरचं रिंगण. सावर्ड्यात सह्याद्री शिक्षण संस्थेचा पसारा, शेजारी डेरवणला वालावलकर रुग्णालय. कंपास घेऊन रिंगणं काढत बसलं तर वरातीला उभं राहायला शेताचा बांध तेवढा उरेल.

पण या नियमांतलं माझं आवडतं कलम सातवं. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त असेल, तर नागरिक तक्रार करू शकतो. रात्रीच्या बंदीचा भंग झाला तर तक्रारीला वेगळी वाट आहे, पण दिवसाउजेडी हाच दंडक. आता वरचा हिशोब आठवा. दहा डेसिबल म्हणजे कानाला दुप्पट. सरकार म्हणतंय, आम्ही ठरवून दिलेला आवाज दुप्पट होईपर्यंत जरा कळ काढा, मग या. आपण कळ काढतो. आपण कोकणी माणसं, मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात कळ काढण्याचं आमचं शिक्षण पदव्युत्तर पातळीपर्यंत झालेलं आहे.

नियमांतले हे आकडे घटकाभराचे नसतात, सरासरीचे असतात, असं कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, चला, पळवाट सापडली. अर्धा तास वरात, बाकी दिवसभर गाव गप्प. सरासरी काढली की पास. पण ही सरासरी शाळेतल्या गुणांची नाही, ती ताकदीची आहे. दारासमोर शंभर डेसिबलची वरात उभी राहिली, तर सोळा तासांच्या दिवसाची सरासरी ५५ च्या आत ठेवायला तिला किती वेळ द्यायचा? मी कागदावर मांडून पाहिलं. दोन सेकंदांहून कमी! तेही उरलेल्या दिवसात कोंबड्यानेही आरवायचं नाही या अटीवर. दोन सेकंदांत नवऱ्या मुलाचा पाय रिकिबीत पण पडत नाही.

आमच्या वाडीत एक निवृत्त काका आहेत. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांची मोजमापं तपासली, त्यामुळे मोजण्याचा हात सुटत नाही. मुलाने दिलेल्या स्मार्टफोनवर त्यांनी आवाज मोजायचं ॲप उतरवून घेतलं आणि सावर्ड्याला पहिलं हौशी ध्वनिमापन केंद्र मिळालं. काका बाजारात फोन समोर धरून चालतात, आरती ओवाळल्यासारखा. नाक्यावर एसटीचा हॉर्न किती, कोकण रेल्वेची गाडी सावर्डा स्टेशनात शिरताना किती, मच्छीवाल्या दोघी एकमेकींशी सलोख्याने बोलतात तेव्हा किती, सगळ्याची नोंद वहीत. एका रात्री डीजे वाजत होता. घराच्या काचा थरथरत होत्या, मांडणीवरची ताटं आपापसात बोलत होती, छातीत कोणीतरी बुक्की मारत होतं, आणि काकांच्या फोनवर आकडा आला कुकरच्या शिट्टीपेक्षा कमी. काकांनी फोन झटकला, पुसला, पुन्हा धरला. तोच आकडा.

फोनची बाजू घ्यायची तर तो माइक "हॅलो, पोचलास काय? जेवलास?" एवढं ऐकायला बनवलेला आहे. खरं ध्वनिमापक यंत्र वेगळं असतं. त्याच्या डोक्यावर वाऱ्याचा आवाज अडवायला स्पंजचा काळा गोंडा असतो, आणि मोजणीआधी त्याला एक छोटी डबी टोपीसारखी चढवतात. डबी १००० हर्ट्झचा, बरोबर ९४ डेसिबलचा सूर काढते आणि यंत्राने ९४ दाखवले तरच त्याची साक्ष चालते. पण गंमत अशी की तो गोंडेदार, टोपी घालून तपासलेला, किमती मापकही त्या रात्री काचांची आणि ताटांची कैफियत पुरती ऐकणार नव्हता. कारण त्याला तसं सांगितलेलंच आहे.

हे सांगणारी मंडळी कोण, त्यासाठी जरा मागे जायला हवं.

माणसाला वाटतं ते मोजता येईल, हा विचार गुस्टाव्ह फेख्नर या जर्मन गृहस्थाला सुचला २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी, अंथरुणात. मानसभौतिकीवाले अजून ती तारीख पाळतात. अंथरुणात पडल्या पडल्या आपल्यालाही पुष्कळ सुचतं, पण आपल्याकडे पाण्याची मोटर लावायला उठावं लागतं. पुढे बार्कहाउझेन नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १९२० च्या दशकात आवाज मोजायचं यंत्र केलं ते असं: एका कानाला टेलिफोनचा रिसीव्हर, त्यात ठरलेला सूर, दुसरा कान रस्त्याकडे मोकळा. दोन्ही कानांना आवाज सारखे वाटेपर्यंत बटण फिरवायचं आणि आकडा वाचायचा. म्हणजे यंत्र होतं, पण त्याचा काटा माणसाच्या डोक्यात होता. 'फोन' हे एककही त्याचंच. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच दुसरा कुठलाही आवाज वाटला तर तो ४० फोनचा, मग त्याचे डेसिबल काहीही असोत.

१९३३ साली बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी हेच काम शिस्तीत केलं. माणसांना बसवलं, कानांना रिसीव्हर लावले, जाडे-बारीक सूर ऐकवले आणि विचारलं, "यातला मोठा कोणता?" एवढाच प्रश्न, पुन्हा पुन्हा. त्या उत्तरांतून वक्ररेषांचा एक नकाशा निघाला आणि त्याने मनुष्यजातीचा कान किती पक्षपाती आहे ते जगासमोर मांडलं. हलक्या आवाजात कानाला खर्ज ऐकूच येत नाही म्हणा ना. १००० हर्ट्झचा सूर कानाला जाणवायला दोन-अडीच डेसिबल पुरतात. ६३ हर्ट्झच्या घुमाऱ्याला सदतीसच्या वर लागतात. उलट तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास कान अगदी जावयासारखा हळवा. बाहेरच्या कानाची नळी अडीच सेंटिमीटरची, ती नेमकी त्याच पट्ट्यात घुमते. कुकरची शिट्टी, तान्ह्या मुलाचा टाहो, ट्रकचे करकचून लागलेले ब्रेक, यांतला बराच जोर तिथेच असतो. मूल रडलं की आख्खी वाडी जागी होते आणि बापाचं घोरणं फक्त आईला ऐकू येतं, याचं थोडं श्रेय त्या नळीला द्यायला हवं.

नकाशा झाला. आता यंत्र कानासारखं ऐकायला हवं, म्हणून त्याला गाळण्या बसवल्या. 'ए' गाळणी हलक्या आवाजांसाठी, ४० फोनच्या रेषेवरून घेतलेली, जी खर्ज भरपूर गाळते. 'बी' मधल्या आवाजांसाठी. 'सी' मोठ्या आवाजांसाठी, जी खर्जाला जवळजवळ हात लावत नाही, कारण आवाज मोठा झाला की कानही खर्जाला तुच्छ लेखायचं सोडून देतो. रचना किती शहाणी होती पाहा! मग जे व्हायचं तेच झालं. तीन-तीन बटणं कोण बदलत बसणार? 'बी' पुढे मानकातूनच गळली, 'सी' कोपऱ्यात गेली आणि जगभरच्या कायद्यांत उरली ती 'ए'. आपल्या नियमांतले ५५ आणि ४५ हे याच 'ए' चे. कुजबुज तोलायची गाळणी लावून आपण वरात मोजतो. भात मोजायचं मापटं घेऊन कोणी पेंढ्याची उडवी मोजायला निघावं तसं.

परिणाम ऐका. ५० हर्ट्झच्या खर्जातून 'ए' गाळणी तीस डेसिबल काढून टाकते. डीजेचा तो छातीत बसणारा दणका, समजा तिथे ११० डेसिबलचा असला, तर कागदावर ८० होऊन येतो. कानाला तो ८० चा वाटत नाही, काचांना तर नाहीच. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब. तिला आपली चिऱ्याची भिंत म्हणजे माजघराचा पडदा. ती घरात शिरते, ताटं वाजवते, आजीच्या चष्म्याची काच हलवते, आणि पंचनाम्यात तिचं नावही येत नाही. आता याच्या उलट शिमग्यातली बोंब घ्या. माणूस जीव तोडून ओरडतो तेव्हा आवाजाचा भर वर सरकतो, एक-दोन हजार हर्ट्झच्या पुढे, जिथे 'ए' गाळणी एक थेंबही गाळत नाही. उलट किंचित पदरचं घालते. याचा अर्थ, आजा-पणज्यांपासून चालत आलेली, वीज न लागणारी, तोंडावर हात मारून ठोकलेली शुद्ध बोंब यंत्रात पैसान् पैसा मोजली जाते, आणि जनरेटरवरचा डीजे सवलतीत सुटतो. सावर्ड्याचा शिमगा होल्टे होमासाठी प्रसिद्ध, पेटती लाकडं एकमेकांच्या दिशेने भिरकावण्याचा हा खेळ बघायला माणसं लांबून येतात. त्या रात्री ढोल, ताशे आणि बोंबा यांचा जो काही एकत्र कल्लोळ उठतो, त्यात यंत्राच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुन्हेगार ओरडून घसा बसलेला एखादा आजोबा निघण्याची शक्यता आहे.

ढोल-ताशाबद्दल आणखी एक. तेवढीच ताकद एकाच पट्टीत कोंबली तर कानाला जेवढी वाटते, त्याहून ती जाड-बारीक अशा वेगवेगळ्या पट्ट्यांत पसरली तर जास्त मोठी वाटते. एबरहार्ट त्स्विकर या जर्मनाने हे कोष्टक मांडून दाखवलं. कानाचे असे चोवीस कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा आपला वेगळा हिशोब ठेवतो. खाली ढोल, वर ताशा, त्याच्यावर सनई आणि झांज हा संच ज्या कोणी पहिल्यांदा जमवला, त्याला कप्पे माहीत नव्हते. परिणाम माहीत होता.

फ्लेचर-मन्सनच्या रेषांचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. १९५६ साली इंग्लंडात रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी त्या नव्याने काढल्या आणि त्या जागतिक मानक झाल्या. २००३ मध्ये, जपानी संशोधकांच्या पुढाकाराने, पुन्हा मोजणी झाली तेव्हा मधलं मानक खर्जात कुठे कुठे पंधरा डेसिबलपर्यंत चुकलेलं निघालं, आणि ४० फोनच्या रेषेपुरते तरी जुने १९३३ वालेच खऱ्याच्या जास्त जवळ होते. सातबारा असो की कान, जुनी मोजणी एकदम खोटी म्हणू नये.

आता स्टीव्हन्स. हा हार्वर्डचा माणूस माझ्या विशेष लोभातला. स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स म्हणाला, फोन ठीक आहेत, पण ८० फोन हे ४० च्या दुप्पट वाटत नाहीत ना? मग सरळ माणसालाच विचारा, "दुप्पट कधी वाटला?" त्यातून १९३६ साली 'सोन' आला. ४० फोनचा एक सोन, ५० फोनचे दोन, ६० फोनचे चार. सोन दुप्पट म्हणजे कानाला दुप्पट, लॉगरिदमची लपवाछपवी नाही. अमेरिकेत स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर सोन छापलेले असतात. पंख्याला सोन आणि वरातीला डेसिबल, हा न्याय मला पटत नाही. पंचनाम्यात "८५ डेसिबल" लिहिण्याऐवजी "परवानगीच्या आठपट" असं लिहून बघा, फौजदारसाहेबांची भुवई आपोआप वर जाते की नाही!

याच स्टीव्हन्सच्या मंडळींनी १९६० च्या सुमारास आणखी एक प्रयोग केला, आणि तो मी वाचला तेव्हा मला तो आमच्या वाडीतच केलाय की काय असं वाटलं. त्यांनी माणसांच्या हातात मुठीचा जोर मोजणारं यंत्र दिलं आणि सांगितलं, आवाज जेवढा मोठा वाटेल तेवढी मूठ आवळा. माणसांनी आवळली. आणि आकडे नियमात बसले! आवाज आणि मूठ यांचं गणित जुळलं. शेजारी मध्यरात्रीनंतर 'चेक, माइक चेक, हॅलो' सुरू होतं तेव्हा आमच्या काकांच्या मुठी आवळतात त्या रागाने, असा आमचा आजवर समज होता. ती मोजणी असते.

अर्थात मोठा आवाज आणि त्रासदायक आवाज या दोन वेगळ्या गोष्टी. कानाशी भुणभुणणारा डास सोनमध्ये मोजला तर नगण्य. पण त्याच्यापायी माणूस उठून दिवा लावतो. आणि आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा त्याखाली एकमेकांशी बोलायचं तर खाणाखुणा कराव्या लागतात, तरी त्याच पत्र्याखाली आख्खं घर घोरतं. चिपळूण तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मुंबईहून आलेला पाहुणा पहिल्या रात्री टक्क जागा, आणि आम्ही पाऊस थांबला की दचकून जागे. त्या धबधब्यात बेडूक, रातकिडे, शेजारचा टीव्ही सगळं बुडून जातं. एक आवाज दुसऱ्याला झाकतो, हे न्यूयॉर्ककरांनी फार मागे मोजलं होतं. तिथे १९२९ साली गोंगाट कमी करायला एक आयोग नेमला, त्यांनी ट्रकमध्ये यंत्रं घालून शहर पालथं घातलं आणि १९३० च्या अहवालात नोंदवलं, की काही नाक्यांवर वाघाने डरकाळी फोडली तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता लागणार नाही. आमच्याकडे वाघ नसला तरी बिबट्या आहे. त्याने महामार्गालगत गुरगुरून बघितलं असेल तर ते कोणाला कळलेलं नाही. त्याचा हिरमोड झाला असणार.

गोंगाटात माणूस आपसूक आवाज चढवतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. फ्रान्सच्या एका कानाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये तो नोंदवला. महामार्गाकडेच्या दुकानदारांना तो आयुष्यभर चिकटतो. घरी येऊनही "भात वाढ" हे ते ट्रकच्या वरच्या पट्टीत सांगतात आणि बायको समजते, आज गल्ल्यात काहीतरी कमी आलंय. हॉर्नवर उपाय म्हणून नितीन गडकरींनी मध्यंतरी सुचवलं होतं की हॉर्नमध्ये भारतीय वाद्यांचे सूर घालावेत. कल्पना करा, परशुराम घाट उतरताना मागून तबला आणि ओव्हरटेकला बासरी. कानाला बरं वाटेल, पण समोरचा बाजूला होईल का? तो दाद देईल.

कानाचा सगळ्यात मोठा विनोद मात्र म्हातारपणी घडतो. आमच्या घरी रोज घडतो.

"आजोबा, चहा ठेवलाय."

"काय म्हणतोस?"

"चहा!"

"जरा मोठ्याने बोल की."

"चहा ठेवलाय, चहा!"

"ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?"

हा हेकेखोरपणा नव्हे. आतल्या कानाच्या पेशी झिजल्या की हळू आवाज मुळीच पोचत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीएवढेच मोठे वाटतात. म्हणजे तळाच्या पायऱ्या निखळतात आणि जिना तेवढाच उंच राहतो. 'ऐकू येत नाही' आणि 'केवढ्याने ओरडतो' यांच्यामध्ये फार थोडी जागा उरते, आणि घरातल्या प्रत्येकाला त्या फटीत नेमका आवाज बसवावा लागतो. नातसून बरोबर बसवते. आम्हाला जमत नाही.

काकांनी हे सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं, वहीत उतरवलं, आणि यंदाच्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबाच्या रात्री ते वही घेऊन थेट साउंडवाल्या पोराकडे गेले. पोरगा चिपळूणकडचा, चुणचुणीत, कानात बाळी. मिक्सरवर शंभर एक बटणं, प्रत्येकावर रंगीत चिकटपट्टी.

"बाबा, आवाज अर्धा कर."

पोराने एक पट्टी जराशी खाली ओढली. "केला काका."

काकांनी डोळे मिटले, मूठ आवळली, उघडली. "कुठे केलास?"

"ओ काका, तीन डेसिबल उतरवला. म्हणजे पॉवर अर्धी. हे बघा, लिवलेलं आहे इथं."

"ती तुझ्या मशिनची अर्धी. माझ्या कानाची अर्धी दहावर असते. दहा उतरव."

"दहा?" पोराने पट्टीला हात लावून ठेवला. "काका, दहा म्हणजे पॉवर दहावा भाग होते. एवढं मोठं सामान काय मग सुतक पाळायला आणलं? खर्ज नाय लागला तर पोरं हलत नाय जागची."

"खर्ज राहू दे तुझा. तू पट्टी दहावर आण आणि बघ, आवाज अर्धाच वाटतो की नाही. अर्ध्यावर पोरं नाचतात. मी पाहिलंय, आमच्या वेळी तर नुसत्या ढोलकीवर नाचायची."

पोराने थोडा वेळ काकांकडे, थोडा वेळ गर्दीकडे पाहिलं आणि हळूहळू, आपलीच जमीन विकल्यासारख्या चेहऱ्याने, पट्टी दहापर्यंत आणली. बुवांचा सवाल चालू होता. समोरचे प्रेक्षक मान हलवत होते, ते हलवतच राहिले. मागच्या बाकावरून कोणी तरी "आता कळायला लागलं गाणं" असं म्हणालं, पण ते काकांचेच मेहुणे, त्यामुळे त्याला पुरावा म्हणता येणार नाही.

"बघितलंस?" काका म्हणाले. "आणि आता मला सांग, पॉवर दहावा भाग झाली, तर तो मागे तुझा जनरेटर धडधडतोय, त्याचं डिझेल?"

पोराने मागे वळून जनरेटरकडे पाहिलं. जनरेटर नुसता चालू ठेवला तरी काही डिझेल जाळतोच, दहावा भाग काही होणार नाही, हे त्याला काकांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण रात्र पहाटेपर्यंत जायची होती, सुपारी ठरलेल्या रकमेची होती आणि डिझेल त्याच्या खिशातून होतं.

"ओ काका," तो म्हणाला, "ह्ये मागच्या वर्षी का नाय सांगितलंव?"